वाचनालयाला पैसा आणि माणसं कशी जोडायची: सुरुवात रोजच्या खर्चापासून

बऱ्याच वाचनालयांची गोष्ट एकाच वळणावर येऊन अडते. इमारतीला देणगीदार मिळतो, त्याच्या आईवडिलांच्या नावाची कोनशिला बसते, कपाटं येतात, उद्घाटनाला गर्दी होते, आणि दोन वर्षांनी बघावं तर वाचनालय संध्याकाळी दोनच तास उघडं, कारण ग्रंथपालाला पूर्ण पगार द्यायला पैसे नाहीत. मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत बरीच वर्षं काम केलंय आणि त्यातून एक गोष्ट मला पक्की कळली, की वाचनालय उभं करायला पैसे मिळतात, ते चालवायला मिळत नाहीत. म्हणून निधीच्या मागे लागायचं असेल तर आधी चालवायच्या खर्चाचं बघा, बाकी सगळं नंतर.

अमेरिकेतला पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी याने हे बरोबर ओळखलं होतं. १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशातून जगभरात अडीच हजारांच्या वर ग्रंथालयं झाली, पण मागितलं की मिळालं असं नव्हतं. गावाने जागा द्यायची आणि इमारतीसाठी जेवढी रक्कम मिळाली त्याच्या १० टक्के दरवर्षी कराच्या पैशातून ग्रंथालय चालवायला द्यायची, हे कबूल केलं तरच पैसे. काही गावांनी तेवढ्यावरून चक्क नको म्हटलं. ही अट मला त्याच्या सगळ्या दानापेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यामुळे ग्रंथालय एका श्रीमंत माणसाची भेट न राहता गावाच्या बजेटमधली एक ओळ झालं. तुम्हाला कुणी मोठी देणगी देऊ केली ना, तर पहिल्याच बैठकीत हाच प्रश्न मांडा, की पुढच्या वर्षीपासून याचा खर्च कोण उचलणार.

तर आधी आकडा काढायचा. एक वही घ्या आणि वर्षभराचा खर्च लिहा: पगार, लाइटबिल, इंटरनेट, वर्तमानपत्रं आणि मासिकं, नवीन पुस्तकं, बाइंडिंग, झाडलोट, विमा, गळकं छप्पर. मग वर्षभरात वाचनालय एकूण किती तास उघडं असतं ते मोजा आणि खर्चाला त्याने भागा. म्हणजे वाचनालय एक तास उघडं ठेवायला किती लागतात ते कळतं. हा एक आकडा हातात असला की मागणं एकदम सोपं होतं, "वाचनालयाला मदत करा" म्हटलं की समोरचा नुसती मान डोलावतो पण "रविवारी सकाळी तीन तास वाचनालय उघडं ठेवायचंय, वर्षभराचे एवढे लागतात, त्यातला एक महिना तुम्ही घ्याल का" असं विचारलं की तो मनातल्या मनात हिशोब करायला लागतो. आणि तो हिशोब करायला लागला की अर्धं काम झालं समजा.

आता कुठला पैसा कशाला वापरायचा हे आधीच ठरवून ठेवा, इथे सगळ्यात जास्त चुका होतात. पगार आणि इमारतीची देखभाल सरकारी पैशातून, म्हणजे अनुदान किंवा स्थानिक संस्थेच्या तरतुदीतून निघाली पाहिजे. देणगी नवीन गोष्टींना वापरा, मुलांचा कोपरा, अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं, कॉम्प्युटर वगैरे. कायम निधी असेल तर फक्त व्याज खर्च करायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, कितीही अडचण आली तरी. पगार देणगीवर चालवायला लागलात की एखाद्या वर्षी देणगी आटते, सगळ्यात आधी माणूस जातो, आणि ग्रंथपाल गेला की वाचक हळूहळू गळतात.

सरकारी पैसा हा वाचनालयाचा पाया असतो आणि तो मागताना ओशाळायचं काही कारण नाही, तो वाचकांचा हक्क आहे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधल्या पीटरबरो गावाने १८३३ मध्ये सार्वजनिक पैशातला वाटा फुकट ग्रंथालयासाठी वेगळा काढला, तिथपासून ही परंपरा चालत आलीय. इंग्लंडमध्ये १८५० ला कायदा आला खरा पण त्यात कर लावायला मालमत्तेच्या करपात्र मूल्यातल्या एका पौंडामागे अर्ध्या पेनीची मर्यादा होती आणि वरून त्या पैशातून पुस्तकं घ्यायची नाहीत अशी अट, पुस्तकं लोक देतील असं गृहीत धरलेलं. पाचच वर्षांत कायदा बदलावा लागला, मर्यादा एक पेनी झाली आणि पुस्तक खरेदीला परवानगी मिळाली. भारतात १९४८ चा मद्रासचा कायदा आला, त्यामागे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांची कित्येक वर्षांची खटपट होती आणि त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवायची सोय होती. युनेस्को आणि इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) यांच्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही, अगदी २०२२ च्या नव्या आवृत्तीतसुद्धा, ग्रंथालय तत्त्वतः मोफत असावं आणि त्याची जबाबदारी स्थानिक आणि राष्ट्रीय शासनाची, हे लिहिलेलं आहे. अर्ज लिहिताना त्याचा उल्लेख जरूर करा. आणि तुमच्याकडे ग्रंथालय कर किंवा उपकर असेल तर तो किती गोळा होतो आणि त्यातला किती खरंच ग्रंथालयांपर्यंत पोचतो हे लेखी विचारा, दरवर्षी विचारा.

लोकप्रतिनिधींकडे जायचं ते बजेट तयार होण्याच्या आधी. बजेट मंजूर झाल्यावर गेलात तर चहा मिळतो, पैसे नाही मिळत. जाताना एकच पान न्या, त्यावर सभासद किती, रोज सरासरी किती लोक येतात, वर्षाला देवघेव किती, एका तासाचा खर्च आणि नेमकी मागणी, बस्स. आणि कार्यकारिणीच्या पाच लोकांनी जायच्याऐवजी दोनच जा पण सोबत तीन वाचक घ्या, एखादा परीक्षेची तयारी करणारा मुलगा, एखाद्या आजी, एखादी लहान मुलांची आई. त्यांना पाठ करून काही बोलायला लावू नका, "मी इथे का येतो" एवढंच सांगू दे. सगळ्या पक्षांच्या लोकांकडे जा, निवडून न आलेल्यांकडेसुद्धा, कारण आज हरलेला उद्या निवडून येतो. वाचनालयावर कुठल्याही एका पक्षाचा शिक्का बसला की पुढची पाच वर्षं संपली म्हणून समजा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. अमेरिकेतल्या ओसीएलसी या ग्रंथालयांच्या संस्थेने २००८ मध्ये एक अभ्यास केला, ग्रंथालयासाठी कर वाढवायला कोण पाठिंबा देतं याचा. त्यातून असं दिसलं की जो माणूस ग्रंथालयात जास्त येतो तोच जास्त पाठिंबा देतो असं काही नाही, त्या दोन गोष्टींचा संबंध फारच थोडा. पाठिंबा देणारे ते असतात ज्यांना वाटतं की ग्रंथालय माणसाचं आयुष्य बदलतं, मग ते स्वतः कधी येवोत न येवोत. आणि ग्रंथपालाबद्दल आपुलकी असणं हाही त्यात मोठा भाग होता. आपण मात्र काय करतो, जे रोज येतात त्यांच्यासमोरच पेटी फिरवतो. ते बिचारे आधीच वर्गणी भरतात. बाहेर पडा, ज्यांनी लहानपणी याच वाचनालयात पुस्तकं वाचली आणि आता दुसरीकडे राहतात ते, ज्यांची मुलं इथे अभ्यास करून नोकरीला लागली ते, वाचायला वेळ नसलेले दुकानदार, डॉक्टर, निवृत्त शिक्षक. यांना शोधायला जुनी सभासद नोंदवही काढा, त्यात खजिना असतो.

या लोकांशी बोलताना पुस्तकांची संख्या सांगू नका. वीस हजार पुस्तकं आहेत म्हटल्यावर कुणाच्या मनात काही हलत नाही. घरात अभ्यासाला जागा नव्हती म्हणून रोज इथे बसणाऱ्या मुलीबद्दल सांगा (तिची परवानगी घेऊन, आणि नाव न सांगता सांगितलं तरी चालतं). अशा गोष्टी आपोआप गोळा होत नाहीत, त्यासाठी देवघेवीच्या टेबलावर एक वही ठेवा आणि ग्रंथपालाला सांगा की कुणी काही मनापासून बोललं तर दोन ओळी तारखेसकट लिहून ठेवायच्या. वर्षाच्या शेवटी तीच वही तुमचा सगळ्यात चांगला अहवाल होते.

अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात २०११ ला ग्रंथालय बंद व्हायची वेळ आली होती, करासाठीची आधीची मतदानं हरलेली, विरोधकांनी सगळी चर्चा "आणखी कर नको" इथे आणून ठेवलेली. तेव्हा समर्थकांनी मुद्दाम खोट्या पाट्या लावल्या, ग्रंथालय बंद करायला मत द्या आणि नंतर पुस्तकं जाळायच्या कार्यक्रमाला या. लोक भडकले, मग खुलासा केला की ग्रंथालयाविरुद्ध मत देणं म्हणजे पुस्तकं जाळण्यासारखंच आहे, आणि ऑगस्टमध्ये कराचा प्रस्ताव मंजूर झाला. ही युक्ती तुम्ही करा असं मी अजिबात म्हणणार नाही, वाचनालयाने लोकांशी खोटं बोलू नये असं मला वाटतं. पण त्यातलं घेण्यासारखं हे की बोलणं फक्त पैशावर अडकलं तर वाचनालय हरतं, वाचनालय गेलं तर काय जाईल यावर आलं तर लोक उभे राहतात.

देणगी मागायला कोणी जावं हाही प्रश्नच असतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७३१ मध्ये फिलाडेल्फियात वर्गणीचं ग्रंथालय सुरू केलं तेव्हा पन्नास जणांनी सुरुवातीला ४० शिलिंग आणि पुढे दरवर्षी १० शिलिंग द्यायचे असं ठरलं होतं. बघा, दरवर्षीचे पैसे पहिल्याच दिवशी कागदावर. आणि त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की ही माझी कल्पना म्हणून सांगायला गेलं की लोक मागे सरायचे, म्हणून तो स्वतः मागे राहिला आणि काही मित्रांची योजना आहे असं सांगायला लागला, मग काम सुरळीत झालं. अध्यक्षांचं नाव पुढे करून मागितलं की अध्यक्षांवर नाराज असलेला प्रत्येकजण नाही म्हणतो, तेव्हा एखाद्या साध्या सभासदाला पुढे करा, आणि त्याने स्वतः आधी दिलेलं असलं पाहिजे, थोडं का होईना.

एकदम मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याच्या छोट्या रकमा जास्त कामाच्या. दरमहा थोडे देणारे शंभर लोक असले तर त्यातले पाच गळाले तरी फरक पडत नाही, एकटा मोठा देणगीदार रुसला तर सगळं थांबतं. पावती त्याच दिवशी, आभाराचं पत्र आठवड्याच्या आत आणि सहा महिन्यांनी एकदा काहीही न मागता नुसतं कळवायचं, तुमच्या पैशातून हे हे झालं. हे न मागता कळवणं फार कमी लोक करतात आणि पुढची देणगी बहुतेक वेळा त्यातूनच येते. हिशोब नोटीस बोर्डावर लावा, महिन्याच्या महिन्याला, ऑडिटची वाट बघत बसू नका.

जुन्या पुस्तकांच्या देणगीबद्दल नियम आधीच लिहून लावा, नाहीतर घराघरातल्या माळ्यावरची जुनी गाईडं आणि वाळवी लागलेले अंक तुमच्याकडे येतात, आणि नाही म्हटलं की माणूस दुखावतो. काय घेऊ, काय नाही, आणि न ठेवलेली पुस्तकं विकून नवीन घेऊ, हे बोर्डावर लिहिलेलं असलं की ग्रंथपालाला वाईट व्हावं लागत नाही. पुस्तक उशिरा आणल्याच्या दंडाचाही एकदा विचार करा, अमेरिकेतल्या शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला आणि त्यानंतर परत येणारी पुस्तकं वाढली. दंडातून येतं ते किरकोळच, पण त्या भीतीने एखादं मूल कायमचं यायचं बंद होतं.

सरकारशी वाटाघाट करताना बडोद्याची पद्धत आठवा. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभारायला घेतली, तेव्हा गावाने आपला वाटा जमवला की स्थानिक मंडळ आणि संस्थान आपापला वाटा घालायचं. आजही अनुदान मागताना "एवढे आम्ही जमवलेत, तेवढेच तुम्ही घाला" असं म्हटलं की अधिकाऱ्यालाही फाइल पुढे सरकवायला कारण मिळतं. आणि एकट्याने जाऊ नका, पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ मध्ये त्रावणकोरमधली ४७ ग्रंथालयं एकत्र आणून संघ केला, त्यातूनच पुढे सगळ्या केरळची ग्रंथालय चळवळ उभी राहिली. शेजारची आठ-दहा वाचनालयं मिळून एकच निवेदन घेऊन गेली तर तेच ऑफिस वेगळ्या नजरेने बघतं.

पहिल्या वर्षी मागितलेलं सगळं मिळणार नाही, बहुतेक वेळा निम्मंही नाही. तरी त्या कागदाची प्रत, आवक क्रमांक आणि कोण काय बोललं त्याची टिपणं एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि पुढच्या बजेटच्या तीन महिने आधी तीच फाइल घेऊन, नवीन आकडे घालून, त्याच तीन वाचकांसोबत परत जा.