दोन रंगांतून एक निवडताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती जुन्या भिंतीवरच दोन्ही रंगांचे फटकारे शेजारी शेजारी मारून बघण्याची सवय. इंदूरला रामबागेतल्या एका हॉलचं बघा. भिंत जुनी, पिस्ता रंगाची. तिच्यावर दोन करडे लावून पाहिले. एक छान गुलाबीसर वाटला म्हणून तो ठरला. हॉल रंगवून झाला आणि हाती आला नुसता सिमेंटसारखा करडा. मग दुकानदाराशी भांडण, डबा चुकीचा दिला म्हणून. डबा बरोबरच होता. हिरव्याशेजारी करडा डोळ्यांना गुलाबीकडे झुकलेला दिसतो. हिरवा झाकला गेला, तसा गुलाबीही गेला.

त्यापेक्षा हार्डबोर्डचे दोन बाय दोन फुटांचे दोन तुकडे घ्या. प्रायमरचा एक हात, त्यावर रंगाचे दोन हात, मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ. कडेने दोन इंच पांढरं राहू द्या. २०० मि.लि.चा नमुना डबा पुरून उरतो. मागे शेडचा नंबर लिहा, नाहीतर दोन दिवसांनी घरात वाद. ओलं इमल्शन फिकं दिसतं, तेव्हा निकाल दुसऱ्या दिवशी. बघताना एका वेळी एकच तुकडा भिंतीला लावा, दुसरा खोलीबाहेर. आणि तो जमिनीला टेकवूनही बघा: कोटा फरशीची हिरवट झाक भिंतीच्या खालच्या भागावर पडते.

दुसरी चूक उजेडाची. रविवारी सकाळी अकराला रंग ठरवायचा आणि रात्री ट्यूबलाइटमध्ये बसायचं! पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी पिवळट ऊन येतं, उत्तरेच्या खोलीत करडा निळसर होतो, आणि मे महिन्यात पडदे ओढले की उजेड पडद्याच्या रंगाचा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात सारख्या वाटलेल्या दोन शेड ३००० च्या पिवळ्या दिव्यात वेगळ्या दिसू शकतात. दिवे बदलायचे असतील तर आधी ते बदला, मग रंग.

मोबाइलच्या फोटोवर ठरवू नका. कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने सुधारतो. मॅटची तुलना चमकदार फिनिशशी करू नका.

भिंतीवर फटकारे मारून झालेच असतील, तर त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून वर प्रायमर मारा. रंगारी ‘दोन हातांत झाकलं जाईल’ म्हणेल. रंग झाकला जातो, कडेचा उंचवटा तिरप्या उजेडात दिसत राहतो.