झिग्वेची संत्री: कुठल्या महिन्यात कुठलं घ्यायचं

वुहान-यिचांगला मेडिकलला असाल किंवा यांगत्सेच्या क्रूझने चोंगचिंगवरून खाली येणार असाल तर झिग्वेची संत्री चुकवू नका. चीनच्या हुबेई प्रांतातला हा तालुका, थ्री गॉर्जेस धरणाच्या अगदी वरच्या अंगाला. कवी छू युआन इथलाच मानतात आणि संत्र्याच्या झाडावरची त्याची कविता दोन हजार वर्षांहून जुनी आहे, म्हणजे बघा.

आधी नागपुरी संत्रं डोक्यातून काढा. याची साल घट्ट, मोसंबीसारखी, नखाने सोलत बसलात तर रस मनगटावर येणार. सुरीने वरची-खालची चकती उडवायची आणि उभ्या फोडी करायच्या, बस्स.

घेताना आधी महिना बघायचा, रंग नंतर. नोव्हेंबर ते जानेवारी न्यूहॉल ही जात, जरा लांबट, गडद केशरी, बी नाही, खाली बेंबीसारखी खळी. बेंबी बारीक नि मिटलेली असलेलं घ्या, मोठी उघडी असेल तर साल जाड निघायची शक्यता जास्त. आणि हातात घेऊन वजन बघाच, साइजच्या मानाने जड म्हणजे रस आहे.

थंडी सरता सरता लाल गराची येतात, त्यात लोक हमखास गोंधळतात. कारा कारा आतून गुलाबी, टोमॅटोतलंच लाल रंगद्रव्य लायकोपीन, आंबटपणा कमी. ब्लड ऑरेंज वेगळं, जांभळट लाल, त्याला रंग थंडीमुळे चढतो, चवीला जरा आंबटसर.

मार्च ते मे मात्र लेन लेट, तिकडे लुनवान म्हणतात, आणि माझं मत विचाराल तर इथवर थांबणं वर्थ आहे. हे फळ अख्खा हिवाळा झाडावरच काढतं, इतरत्र कडाक्याच्या थंडीत खराब झालं असतं पण इथे धरणाचं पाणी हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून 175 मीटरपर्यंत भरलेलं असतं, एवढ्या पाण्यामुळे काठावरचे उतार फार गारठत नाहीत. म्हणून वसंतात एकाच झाडावर यंदाची फुलं आणि गेल्या वर्षीची फळं दोन्ही दिसतात, फोटो काढायला भारी. उतार इतके उभे की माल छोट्या मोनोरेलने आणि आता ड्रोननेही उतरवतात, त्यामुळे भाव जरा चढा वाटला तर लगेच कुरकुर नको.

भावावरून आठवलं, पाटीवरचा दर बहुतेक वेळा एका जिनचा असतो, म्हणजे अर्ध्या किलोचा. किलोचा समजून स्वस्त स्वस्त करत पाच किलो भरून घेऊ नका.

उन्हाळ्यात व्हॅलेन्शिया. सालीवर हिरवट झाक दिसली तरी बिनधास्त घ्या, पिकलेलं फळसुद्धा गरमीत परत हिरवं पडतं. एखाददुसरी बी लागेल. ज्यूससाठी हेच बेस्ट, कारण बेंबीवाल्यांचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो, तो काढला की लगेच प्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.