डोलकाठी उभी करायच्या आधी वरचे दिवे कसे तपासायचे

सोलापुरात शिडाची होडी म्हटलं की लोकं आधी हसतात, मग विचारतात कंबर तलावात फिरवणार का काय. आमची होडी बहुतेक वेळ उजनीच्या पाण्यात असते आणि वर्षाकाठी एकदा ट्रेलरवर टाकून कोकणात नेतो, तेव्हा रात्रीचं चालवणं आलं आणि रात्रीचं आलं की दिवे आले. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला, काठी उभी केली, चारी बाजूच्या तारा ताणून घेतल्या, संध्याकाळी बटण दाबलं तर वरचा दिवा बंद. चार माणसं परत गोळा करून काठी खाली घेतली तर नुसतं एक कनेक्शन निसटलेलं. आंबा घाटातल्या हादऱ्यांनी काय काय सैल होतं ते तेव्हा कळलं.

आधी वर काय काय असतं ते. टोकाला तिरंगी दिवा, म्हणजे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा, हा फक्त शिडावर चालताना आणि २० मीटरपेक्षा लहान होडीलाच चालतो. त्याच्याच डोक्यावर नांगर टाकल्यावर लावायचा चौफेर पांढरा. आणि काठीच्या मधे कुठेतरी पुढे तोंड करून इंजिनवर चालतानाचा पांढरा, तो २२५ अंशात दिसतो. इंजिन चालू केलं की तिरंगी बंद करून या इंजिनच्या पांढऱ्याबरोबर होडीच्या अंगावरचे खालचे लाल-हिरवे आणि मागचा पांढरा लावायचा, तिरंगी आणि खालचे दोन्ही एकदम नाही.

आता काम. काठी दोन स्टुलांवर किंवा ट्रेलरवरच आडवी ठेवा, आणि वेळ संध्याकाळची धरा, कारण मे महिन्यात सोलापूरच्या दुपारी ॲल्युमिनियमला हात लावून बघाच एकदा, शिवाय उन्हात एलईडी लागलाय का नाही ते कळतच नाही. १२ व्होल्टची बॅटरी घ्या, प्लसच्या वायरमध्ये ५ ॲम्पियरचा फ्यूज टाका आणि करंट काठीच्या बुडाला जो प्लग आहे तिथूनच द्या. बरेच जण दिवा काढून डायरेक्ट बॅटरीला लावून बघतात आणि खूश होतात, अरे पण दिवा कुठे बिघडतो, बिघडते ती मधली आठ मीटर वायर आणि दोन टोकांची जोडणी.

एकेक दिवा लावा. लागला म्हणून पुढे जाऊ नका, लागलेला असताना वायर हलवा, प्लग पिळा, काठीला हाताने थापट्या मारा, आणि जिथून वायर काठीबाहेर येते तिथे नीट बघा, तिथलं रबर गेलेलं असलं तर ॲल्युमिनियमची कड वायरचं इन्सुलेशन सोलून टाकते. लुकलुकला की तिथेच दोष.

एक दिवा लावला आणि दुसराच मंद पेटतोय असं झालं तर मायनस खराब. उसाच्या ट्रॉलीचा इंडिकेटर दिला की ब्रेकलाइट लुकलुकतो बघा, तोच आजार (ज्या ट्रॉलीला लाइट असतो तिचं बोलतोय मी).

आता एलईडीवाल्यांसाठी महत्त्वाचं. एलईडी इतका कमी करंट खातो की गंजलेल्या जोडणीतूनही तो मस्त पेटतो, मल्टिमीटरवर पण १२ च्या वर व्होल्ट दिसतात आणि तुम्ही फसता, दोन महिन्यांनी ती जोडणी पूर्ण जाते. म्हणून कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडून गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब घ्या, दिव्याच्या जागी वरच्या टोकाला तो जोडा आणि पेटलेला असताना बल्बवरचे व्होल्ट मोजा, मग बॅटरीवरचे. १.५ स्क्वेअर एमएमची आठ मीटर लांब वायर असेल तर जाऊन येऊन १६ मीटर धरून बॅटरीपेक्षा बल्बवर ०.३३ व्होल्टच्या आसपास कमी पडायला पाहिजेत. अर्ध्या व्होल्टच्या वर कमी पडले तर कुठेतरी जोडणी खाल्लेली आहे, नवीन क्रिम्प करून (म्हणजे वायरवर धातूचं टोक दाबून बसवून) वर हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा. वायरच बदलायची झाली तर टिनचा मुलामा असलेली २.५ ची घ्या, साधी तांब्याची खाऱ्या हवेत काळी पडते.

मग बॅटरी काढा, दिवे आणि बल्ब पण सोडवा, मीटर रेझिस्टन्सवर टाकून एक टोक वायरला आणि एक काठीला लावा. रेझिस्टन्सचा आकडा यायलाच नको, आला तर वायर कुठेतरी काठीला टेकलीय. पण काठीवर ॲनोडायझिंगचा थर असतो, त्यातून करंट जात नाही, म्हणून टोक एखाद्या रिव्हेटवर किंवा खरवडलेल्या जागी टेकवा, नाहीतर सगळं ठीक आहे असं खोटंच वाटेल.

लाल-हिरवा उलटा बसलाय का हे आडव्या काठीवर बघताना डोकं फिरतं. सोपं करून सांगतो, बुडाशी उभं राहून टोकाकडे बघा, शिडाची कड जिच्यात सरकते ती काठीच्या मागच्या बाजूची खाच वर असेल तर लाल तुमच्या डावीकडे दिसला पाहिजे, खाच खाली जमिनीकडे असेल तर लाल उजवीकडे. आमच्या एका दोस्ताने दोनदा फिरवून परत होता तसाच बसवला होता बे.

सगळं झालं की प्लगच्या पिनांना थोडं व्हॅसलीन लावा, वरून टेप. उभी करायच्या आधी मान वर करून बघा, उजनीच्या काठाला शेतातल्या मोटारींच्या ११ केव्हीच्या लाइनी असतात आणि काठी ॲल्युमिनियमची आहे, लाइन जवळ दिसली तर होडी दुसरीकडे न्या. उभी झाली की तारा पूर्ण ताणायच्या आधी तिन्ही दिवे परत एकदा लावून बघा, उभं करताना प्लग ओढला जातो आणि त्या वेळेला काठी परत खाली घेणं निदान सोपं असतं.