फ्लॉरेन्सला पहिल्यांदा जाताय? तीन रात्रींची आखणी अशी करा

माझी फ्लॉरेन्सची पहिली फेरी बसच्या टूरमधली होती. चार तास मिळाले. त्यात जेवण, खरेदी, माणसांची मोजणी आणि बसपर्यंतची धावपळ. चौकातल्या डेव्हिडच्या पुतळ्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले आणि तो मूळ पुतळा नाही हे मला घरी आल्यावर कळलं. दुसऱ्यांदा आईला घेऊन स्वतःच्या हिशोबानं गेले, तीन रात्री राहिले, आणि मग हे शहर मला भेटलं. इटलीत आठ-दहा दिवस असतील आणि फ्लॉरेन्सला त्यातले थोडेच द्यायचे असतील, तर ते कसे द्यावेत ते सांगते.

आधी रात्री ठरवा

रोमहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असा बेत बरेच जण करतात. जलद गाडीनं दीडेक तासाचंच अंतर आहे, त्यामुळे शक्य आहे. पण करू नका. दिवसाच्या गर्दीतलं फ्लॉरेन्स आणि सकाळी सातचं किंवा रात्री दहाचं फ्लॉरेन्स ही दोन वेगळी गावं आहेत. तीन रात्री म्हणजे दोन पूर्ण दिवस आणि दोन अर्धे. जुनं शहर लहान आहे, स्टेशनपासून नदीपर्यंत चालत वीस मिनिटं लागतात, त्यामुळे एवढ्यात नीट पाहून होतं.

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे दिवस उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दगडी गल्ल्या इतक्या तापतात की आपल्याकडच्या उन्हाची सवय असलेला माणूसही दुपारी बसून घेतो. आणखी एक पाहून ठेवा: तुमच्या मुक्कामात सोमवार कुठे येतो? उफीत्सी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती फुकट असतात, पण त्या दिवशीची रांग पाहता पैसे भरून दुसऱ्या दिवशी जाणं बरं.

व्हिसा, मग गाडी, मग खोली

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईत अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने हातात ठेवा. परतीच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालणारा हवा, आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा. युरोपात दोन-तीन देश करणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्याच असतील तर जिथे आधी पाऊल ठेवणार तिथे.

फ्लॉरेन्सचा विमानतळ छोटा आहे. आपल्याकडून जाणाऱ्यानं रोम किंवा मिलानला उतरावं आणि पुढे रेल्वेनं यावं. जलद गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात. तिकीट शोधताना शहराचं नाव ‘फिरेन्झे’ असं दिसेल, कारण इटालियन लोक फ्लॉरेन्सला हेच म्हणतात. स्टेशन ‘सांता मारिया नोव्हेल्ला’च आहे ना, तेही बघा. काही गाड्या फक्त काम्पो दि मार्ते किंवा रिफ्रेदी या स्टेशनांवर थांबतात आणि तिथून सामान घेऊन पुन्हा खटाटोप करावा लागतो. लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड होतो.

भाड्याची मोटार इथे आणू नका. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेले आहेत, आणि दंडाची नोटीस काही महिन्यांनी घरी येते.

खोली जुन्या शहरात किंवा नदीपलीकडच्या ओल्त्रार्नो भागात घ्या. ओल्त्रार्नोत लाकूडकाम, चामडं, फ्रेमला सोन्याचा वर्ख लावणं अशा कारागिरांच्या लहान लहान जागा अजून आहेत आणि संध्याकाळी तिथे मुलं खेळताना दिसतात. मला तो भाग जास्त आवडतो. खोली ठरवण्याआधी लिफ्ट आहे का ते विचाराच. इमारती शेकडो वर्षांच्या आहेत. आईचे गुडघे आणि तीन मजल्यांचा उंच दगडी जिना यांची गाठ आम्ही विचारलं नाही म्हणून पडली. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी, दर रात्री शहराचा कर वेगळा द्यावा लागतो, तो हिशोबात धरा.

तिकिटं तीनच काढा

दुओमोचा, म्हणजे इथल्या मुख्य कॅथेड्रलचा घुमट, अकादेमिया आणि उफीत्सी. वेळ ठरवून काढायची तिकिटं एवढीच. बाकी सगळं मोकळं सोडा. तिन्ही तिकिटं त्या त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा. मध्यस्थांकडे तेच तिकीट बऱ्याच चढ्या भावानं मिळतं.

यातली घुमटाची वेळ सर्वांत आधी भरते आणि नंतर बदलता येत नाही. म्हणून आधी ती घ्या आणि उरलेली दोन तिच्याभोवती बसवा. पायऱ्या 463 आहेत, लिफ्ट नाही, आणि मधूनच परत फिरायला जागा नाही. दम लागत असेल किंवा कोंदट जागेची भीती वाटत असेल तर नका चढू. कॅथेड्रलच्या आत जायला तिकीट लागत नाही, फक्त खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शेजारच्या जोत्तोच्या मनोऱ्याला 414 पायऱ्या आहेत, पण चढताना मध्ये थांबायला मजले आहेत, आणि वरून घुमट समोर दिसतो. घुमटावर उभं राहिल्यावर घुमट कसा दिसणार?

तरीही झेपत असेल तर मी घुमटच सांगेन. ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं तो 1420 ते 1436 या काळात बांधला. खालून लाकडी आधार उभारायचा म्हटलं तर तेवढं लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न होता. त्यानं आधाराशिवायच वर चढत जाणारं बांधकाम केलं: एकात एक असे दोन घुमट, आणि त्यांच्यामधल्या पोकळीतून जिना. तुम्ही त्याच पोकळीतून चढता. जसजसे वर जाल तसतशी एका बाजूची भिंत तुमच्या अंगावर झुकायला लागते आणि तुम्हीही नकळत तिरके चालता. तिथे थांबून विटांकडे बघा. आडव्या थरांत ठरावीक अंतरानं उभ्या विटा खोचलेल्या दिसतील, माशाच्या काट्यासारख्या. ओला चुना सुकेपर्यंत या उभ्या विटांनी आडव्या विटांना धरून ठेवलं, सरकू दिलं नाही. मागून लोक येत असतात, पण त्या विटांवर एकदा हात ठेवा. विजापूरचा गोल घुमट पाहून ज्यांनी मान वर धरली असेल त्यांना हे जास्त भिडेल. तो 1656 मध्ये पुरा झाला, हा त्याच्या दोनशेवीस वर्षं आधी.

पहिला पूर्ण दिवस: डेव्हिड आणि दगड

अकादेमियाची सकाळची पहिली वेळ घ्या. आत गेल्यावर सगळे सरळ डेव्हिडकडे धावतात, तुम्ही धावू नका. त्या लांब दालनात दोन्ही बाजूंना मायकेलअँजेलोचे अपुरे राहिलेले ‘कैदी’ नावाचे पुतळे आहेत. कुणाची छाती दगडातून बाहेर आली आहे, डोकं अजून आतच आहे. छिन्नीच्या रेघा स्पष्ट दिसतात. हे पाहून मग डेव्हिडपाशी गेलात तर कळतं की तोही असाच एका दगडात होता. तो दगड दुसऱ्या शिल्पकारांनी सुरुवात करून सोडून दिलेला, कित्येक वर्षं कॅथेड्रलच्या आवारात उघड्यावर पडलेला. मायकेलअँजेलोनं 1501 ते 1504 मध्ये त्यातून 5.17 मीटर उंचीचा पुतळा काढला. एक चक्कर पूर्ण मारा. उजव्या हाताच्या मागच्या शिरा पाहा. 1873 पासून मूळ पुतळा इथे आहे, चौकात आहे ती प्रतिकृती.

दुपारी बाराच्या आत मोकळे व्हाल. मग सांता क्रोचे चर्च. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माक्याव्हेल्ली यांच्या कबरी इथे आहेत. चर्चच्या आसपासच्या गल्ल्यांत भिंतींकडे मान वर करून पाहत चला. ‘4 नोव्हेंबर 1966’ अशी तारीख आणि खाली आडवी रेघ असलेल्या संगमरवरी पाट्या दिसतील. आर्नो नदीचं पाणी त्या दिवशी तिथपर्यंत होतं. आई अशा एका पाटीखाली उभी राहिली. रेघ तिच्या डोक्याच्या कितीतरी वर होती. पानशेतचा पूर पाहिलेली ती, बराच वेळ काही बोलली नाही. चिमाबुए या जुन्या चित्रकाराचा लाकडी क्रूस त्या पुरात सांता क्रोचेतच भिजला आणि त्याचा बराच रंग गेला. तो आता तसाच, गेलेल्या रंगासकट लावलेला आहे.

संध्याकाळी नदी ओलांडून मायकेलअँजेलो चौकाच्या टेकडीवर सगळे सूर्यास्त पाहायला जातात. जा, पण तिथून आणखी थोडं वर सान मिनियातो चर्चपर्यंत चढा. गर्दी खाली राहते आणि शहर तेवढंच छान दिसतं.

दुसरा दिवस: उफीत्सी, पूल आणि घुमट

उफीत्सी म्हणजे कचेऱ्या. वासारी या वास्तुकारानं 1560 मध्ये इथल्या राज्यकर्त्या मेदिची घराण्याच्या कारभारासाठी ही इमारत बांधायला घेतली. सगळं बघायचं म्हणाल तर डोकं भणाणेल. वरचा मजला आधी करा. बोत्तिचेल्लीच्या दालनात ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’, लिओनार्दोचं तरुणपणीचं ‘देवदूताचा निरोप’, मायकेलअँजेलोचं गोल चित्र. एवढ्यासमोर निवांत बसलात तरी सकाळ सार्थकी लागली. खाली उतरताना काराव्हाज्योची मेदुसा.

ही चित्रं इथेच का आहेत, लंडन-पॅरिसला का गेली नाहीत, याचं कारण एक बाई आहे. मेदिची घराण्याची शेवटची वारस, आन्ना मारिया लुइझा. 1737 मध्ये घराण्याची सत्ता संपली तेव्हा तिनं करार करून घेतला की घराण्याचा संग्रह शहराबाहेर न्यायचा नाही. त्या दालनांतून फिरताना मला मायकेलअँजेलोइतकीच तिची आठवण येते.

बाहेर पडलात की पोंते वेक्क्यो हा 1345 चा पूल. 1944 मध्ये माघार घेताना जर्मनांनी इथले बाकीचे सगळे पूल उडवले, हा एक राखला. पूर्वी यावर खाटकांची दुकानं होती. 1593 मध्ये त्यांना उठवून सोनारांना बसवलं, ते आजतागायत. सोनं बघा, घ्यायचं ते आपल्या सोनाराकडेच. घुमटाची वेळ दुपारी उशिराची घेतली असेल तर मधे खोलीवर जाऊन पाय सोडून बसा. ही विश्रांती चैन समजू नका.

पोटाचं काय

शाकाहाऱ्यांची उपासमार होत नाही. तोस्काना या इथल्या प्रांताचं जुनं खाणं गरिबाघरचं आहे आणि शिळ्या पावावर उभं आहे. रिबोल्लिता म्हणजे शिळा पाव, पांढऱ्या घेवड्याच्या बिया आणि काळपट हिरवी पालेभाजी यांचं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. पोळीचा कुस्करा खाऊन वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासालाच ओळखीचा वाटतो. फक्त ‘सेंत्सा कार्ने?’ म्हणजे ‘मांसाशिवाय?’ असं विचारून घ्या, कारण सुपात मांसाचं पाणी असू शकतं. लाम्प्रेदोत्तो हा गाड्यांवर मिळणारा प्रसिद्ध प्रकार गायीच्या पोटाचा असतो, हे माहीत असू द्या. इथला पाव बिनमिठाचा असतो, तो बिघडलेला नसतो.

कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्या. खुर्चीत बसलात की भाव वाढू शकतो. बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल, तो बसण्याचा आकार आहे, फसवणूक नव्हे. पाण्याची बाटली जवळ ठेवा. सिन्योरिया चौकात पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक नळ आहे.

निघायच्या दिवशी: काशिने

शेवटच्या अर्ध्या दिवसासाठी एक जागा मराठी माणसासाठी राखून ठेवते. शहराच्या पश्चिमेला आर्नोच्या काठानं तीनेक किलोमीटर लांब पसरलेली काशिने नावाची बाग आहे. ट्राम तिच्या शहराकडच्या टोकाला सोडते. तिथून नदीकाठानं झाडांच्या सावलीत चालत राहायचं, अगदी दुसऱ्या टोकापर्यंत. तिथे एक छत्री आहे, आपल्याकडे असते तशीच, आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा.

हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. ज्यांच्या नावानं कोल्हापुरात राजाराम कॉलेज आहे, तेच. 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला इथे फ्लॉरेन्समध्ये वारले. जेमतेम विशीतले होते. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होतं. दहनाची रीत इथे नव्हती, तरी खास परवानगी मिळाली, आणि आर्नोला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर महाराजांना अग्नी दिला गेला. 1874 मध्ये हे स्मारक उभं राहिलं. पुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच मँट. चौथऱ्यावर चार भाषांत लेख आहेत. जवळच्या मोठ्या पुलालाही लोक ‘इंदियानो’ म्हणजे त्या भारतीयाचा पूल म्हणतात.

जाऊन-येऊन तीन तास धरा आणि गाडी दुपारनंतरची घ्या. मंगळवारी सकाळी बागेत मोठा बाजार भरतो, तो ट्रामच्या बाजूला असतो. संगमाकडे तेव्हाही शांतता असते. आसपास फुलांचं दुकान नाही. वाहायला फुलं हवी असतील तर शहरातूनच न्या. आईनं न्याहारीच्या टेबलावरची दोन पांढरी फुलं मालकिणीला विचारून रुमालात बांधून आणली होती.