नवा समुद्री मासा जगवायचा तर पिशवीतल्या पाण्याकडे आधी बघा

मुख्य टाकी सायकल झाली आहे, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यात वाढले आहेत, आणि खारं पाणी कसं बनवायचं हे येतं, असं धरून चालतो. त्याशिवाय ५०-६० लिटरची एक वेगळी टाकी विलगीकरणासाठी हवीच. तिच्यात हीटर, एअर पंप, मुख्य टाकीच्या संपमध्ये (खालच्या फिल्टर-टाकीत) महिनाभर मुरवलेला स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि वर झाकण. वाळू किंवा दगड घालू नका, ते औषध शोषून घेतात.

दुकानात मासा समोर खाताना बघूनच घ्या. क्लाउन फिश घेणार असाल तर हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, वाढलेलाच मागा.

आता खरी अडचण. बरेच दुकानदार पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, १.०१८ ते १.०२० ठेवतात. मीठ कमी लागतं आणि काही परजीवींनाही जरा आळा बसतो. तुमच्या टाकीत ती १.०२५ असते. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो खारं पाणी पिऊन जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकत असतो. एकदम जास्त खाऱ्या पाण्यात गेला की ही व्यवस्था कोलमडते. मासा त्याच दिवशी मरेल असं नाही. दोन-तीन दिवसांनी मरतो आणि मग खापर भलत्याच गोष्टीवर फुटतं.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे पिशवी उघडून, नळीने थेंब थेंब पाणी सोडत दोन तास थांबा. कुरिअरने आलेल्या माशासाठी हा सल्ला घातक आहे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो आणि साठलेला अमोनिया बराचसा अमोनियमच्या रूपात, म्हणजे कमी विषारी, राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होतो. तुम्ही सावकाशीने थेंब मोजत बसता, तेवढा वेळ माशाचे कल्ले भाजत असतात. थेंबपद्धत कोळंबी आणि तारामाशांसाठी ठेवा.

म्हणून मासा पाण्याशी जुळवण्यापेक्षा पाणी माशाशी जुळवा. दुकानातली घनता आधीच विचारून विलगीकरण टाकी तेवढ्यावर आणा. घरी पिशवी बंद असतानाच १५-२० मिनिटं टाकीत तरंगू द्या, दिवे बंद ठेवा. मग उघडून लगेच पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायच्या उपकरणाने) मोजा. टाकी पिशवीपेक्षा ०.००२ हून जास्त खारी निघाली तर आरओचं पाणी घालून खाली आणा, तापमान बघा, आणि मासा लहान डब्याने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकून द्या. टाकी थोडी कमी खारी असली तर चालतं. खाली उतरणं मासा सोसतो, वर चढणं नाही. पुढे रोज ०.००१ ने वाढवत १.०२५ गाठा.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मिठाचं) तयार द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. मोजमापच चुकलं तर वरची सगळी मेहनत वाया.

विलगीकरण किमान ३० दिवस. अमोनिया रोज तपासा, दिसला तर त्याच घनतेचं आणि तापमानाचं पाणी घालून बदला. अंगावर पांढरे ठिपके नाहीत म्हणून सोडून देऊ नका. परजीवी आधी कल्ल्यांत बसतात. मखमली रोगात अंगावर बारीक पिवळसर भुकटी दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. या परजीवींवर चिलेटेड तांब्याचं (तांबं दुसऱ्या रेणूशी बांधलेलं) औषध दोन-तीन दिवसांत चढवत २ ते २.५ पीपीएमवर (दहा लाख भागांत इतके भाग) न्या आणि तिथेच ठेवा. रोज टेस्ट किटने मोजा: खाली घसरलं तर रोग राहतो, वर गेलं तर मासा जातो. पाणी बदलताना नव्या पाण्यातही तेवढंच औषध घाला. तांबं चालू असताना अमोनिया बांधणारी द्रव्यं घालू नका, काही द्रव्यांमुळे तांबं जास्त विषारी होतं. क्लाउनच्या अंगावरून चिकट पापुद्रे सुटत असतील तर तो ब्रूक्लिनेला हा वेगळा परजीवी. त्यावर तांबं चालत नाही, फॉर्मॅलिन लागतं.

या टाकीतला स्पंज, जाळी, पाइप पुन्हा प्रवाळाच्या टाकीत नेऊ नका. मुख्य टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आधीच शिरला असेल तर तिथले सगळे मासे काढून ती अडीच महिने बिनमाशांची ठेवा. एकही मासा मागे राहिला तर मोजणी पहिल्यापासून.