लाइव्ह रॉकवरून आलेले आगंतुक: ओळख आणि बंदोबस्त

लाइव्ह रॉक (सूक्ष्मजीव आणि इतर जीव वस्तीला असलेला सच्छिद्र समुद्री खडक) किंवा प्रवाळाचा तुकडा रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळ पाळण्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, ठेवला की त्याच्या छिद्रांत दडून आलेले कृमी, खेकडे आणि गोगलगायी पुढील काही आठवड्यांत दिसू लागतात. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात आणि कित्येक उपयोगी ठरतात, म्हणून ‘दिसला की मारा’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. ‘खडक उकळून घ्या’ हा सल्ला तर जिवावर बेतू शकतो. झोअँथिड गटातील काही प्रवाळांमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. ते उकळल्याने नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर श्वासात जाते, आणि अशा प्रकारांत घरातील सगळ्यांनाच रुग्णालयात दाखल करावे लागल्याची उदाहरणे आहेत.

दिवे मालवल्यानंतर तासाभराने लाल प्रकाशाच्या टॉर्चने टाकी पाहावी, छायाचित्र घ्यावे आणि ओळख पटेपर्यंत काहीही करू नये. अंगाच्या दोन्ही बाजूंना केसांचे झुबके असलेला ब्रिसलवर्म उरलेसुरले अन्न खातो, त्याला राहू द्यावे. त्याची संख्या फार वाढली, तर माशांना घातले जाणारे अन्न कमी करावे. कोपेपॉड आणि अँफिपॉड हे बारीक कवचधारी जीव तर माशांचे खाद्यच आहे. केसाळ, काळ्या टोकांच्या नांगीचा खेकडा मात्र संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या, गाळणीच्या वेगळ्या टाकीत) हलवावा. टकटक आवाज येत असेल, तर तो पिस्तूल श्रिंप किंवा मॅन्टिस श्रिंप असू शकतो. मॅन्टिसच्या बिळात बोट घालू नये. खडक बादलीवर धरून १.०३५ ते १.०४० विशिष्ट गुरुत्वाचे खारे पाणी बिळात सोडले की तो सहसा बाहेर येतो.

खरी कसोटी लागते ती एप्टेशियाशी गाठ पडल्यावर, आणि माझीही सर्वाधिक दमछाक याच टप्प्यावर झाली. हे तपकिरी, अर्धपारदर्शक समुद्रफूल लांब देठाचे आणि टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या शुंडकांचे असते, आणि सावली पडताच झटक्यात भोकात शिरते. ते चिमट्याने ओढू नये, ब्रशने घासू नये, सुरीने खरवडू नये, कारण तळव्याचा खडकाला चिकटून राहिलेला बारीकसा कणही नवे एप्टेशिया उभे करतो. एकाची दहा करण्याचा हा हमखास मार्ग आहे, तरीही तो आजही सुचवला जातो.

त्याऐवजी शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड थोड्या आरओ पाण्यात कालवून दह्याइतके दाट करावे. पानाच्या डबीतला चुना वापरू नये, कारण त्यात आणखी काय मिसळले आहे हे सांगता येत नाही. हातमोजे आणि चष्मा घालावा. सर्व पंप बंद करून बोथट सुईची सिरिंज अगदी संथपणे जवळ न्यावी आणि शुंडकांना धक्का न लावता मधोमध असलेल्या तोंडावर मिश्रण सोडावे. घाई केली की ते आक्रसून घेते आणि मिश्रण बाहेरच पसरते. ते आत ओढले गेले, की भोकही त्याच मिश्रणाने बुजवून टाकावे. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करावेत. चुन्यामुळे पीएच चढतो, म्हणून लहान टाकीत एका वेळी तीन-चारांपेक्षा अधिक एप्टेशियांना हात घालू नये, आणि पीएच ८.५ च्या वर जाऊ लागल्यास तेथेच थांबावे. आठवड्याने पुन्हा तपासावे, कारण खोल भोकातले एखादे बहुधा वाचलेले असते.

संख्या शंभराच्या घरात असेल, तर सिरिंज पुरत नाही. अशा वेळी एप्टेशिया खाणारे पेपरमिंट श्रिंप आणावेत, परंतु त्याच नावाने विकला जाणारा, पाठीवर कुबड असलेला कॅमल श्रिंप प्रवाळच कुरतडतो, हे दुकानातच पाहून घ्यावे. बर्गिया ही समुद्री गोगलगाय एप्टेशियाच खाते आणि ते संपले की उपासमारीने मरते, म्हणून पुढे ती दुसऱ्या टाकीवाल्याला द्यावी. एप्टेशिया खाण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या कॉपरबँड माशाची शिफारस मी करत नाही, कारण अनेकदा तो टाकीतले अन्नच घेत नाही.

पुढच्या वेळी प्रत्येक नवा प्रवाळ वेगळ्या टाकीत ठेवावा, तो ज्यावर चिकटवलेला असतो तो मूळ तळ शक्यतो बदलावा आणि औषधी द्रावणात बुडवणे आठवड्याच्या अंतराने पुन्हा करावे, कारण मॉन्टिपोरा जातीचे प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायींची अंडी त्या द्रावणाने मरत नाहीत. मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ, मृत असला तरी, उचलून आणू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ नुसार रीफ बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण आहे.