क्रूझवरून उतरून विमान गाठायचंय? मुंबईत या चुका टाळा

क्रूझच्या ग्रुपना सोबत करायचं काम मी करते. नागपूर, इंदूर, बेळगाव, हैदराबाद अशा गावांहून माणसं मुंबईला येतात, गोवा किंवा लक्षद्वीप करून परत मुंबई बंदरातल्या बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला उतरतात आणि तिथून विमानाने घरी जातात. तीन-चार दिवसांच्या सहलीची तयारी सगळे दोन-दोन महिने करतात. शेवटच्या पंचवीस किलोमीटरचा विचार मात्र कोणी केलेला नसतो. दर फेरीला त्याच चुका, त्याच धावपळी आणि बंदराच्या ग्रीन गेटच्या बाहेर फुटपाथवर बॅगांवर बसून रडवेली झालेली तीच माणसं. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

जहाज लागायची वेळ ही तुमची उतरायची वेळ नव्हे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, आणि ती मुंबईत येऊन होत नाही, दोन महिने आधी घरी बसून तिकीट काढताना होते. कार्यक्रमपत्रिकेवर लिहिलेलं असतं, ‘मुंबई आगमन सकाळी ८’. लोक हिशोब मांडतात: आठला उतरलो, तासाभरात विमानतळ, म्हणजे साडेदहा-अकराचं विमान आरामात. वर ते तिकीट दुपारच्या विमानापेक्षा हजार रुपयांनी स्वस्त.

आठला काय होतं ते सांगते. जहाज बंदरात येताना बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा माणूस, वर चढतो, टग, म्हणजे जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी, बाजूला लागतात, दोर बांधले जातात, मग शिडी लागते. त्यानंतर कागदपत्रांचे सोपस्कार. त्यानंतर आदल्या रात्री खोल्यांबाहेर ठेवलेल्या शेकडो बॅगा खाली उतरवून हॉलमध्ये रंगांप्रमाणे मांडतात. हे सगळं झाल्यावर एकेका डेकला, म्हणजे जहाजाच्या मजल्याला, हाक मारली जाते. तुमचा डेक पहिला की शेवटचा, हे तुमच्या हातात नसतं.

गेल्या हंगामात नागपूरचं एक कुटुंब होतं. काका-काकू, मुलगा आणि सून. माझ्या ग्रुपमधले नव्हते, नाश्त्याला शेजारच्या टेबलावर होते. विमान ११.४० चं, टर्मिनल वनवरून. मी आदल्या दिवशीच म्हटलं, “काका, वेळ फार कमी आहे, आत्ताच तिकीट पुढे ढकलून घ्या.” काका म्हणाले, “अहो ताई, आठ म्हणजे आठ. पावणेचार तास हातात आहेत, किती वेळ लागते उतराले?”

जहाज धक्क्याला लागलं साडेआठला. त्यांच्या डेकची हाक आली दहाला दहा कमी असताना. लिफ्ट भरलेल्या, म्हणून काकू गुडघे धरत जिन्याने उतरल्या. हॉलमध्ये चार बॅगांपैकी तीन सापडल्या. चौथी निळी, आणि तिथे निळ्या बॅगा पन्नास तरी असतील. काकू एकेका बॅगेपाशी वाकून नावाची चिठ्ठी वाचत होत्या आणि मुलगा घड्याळाकडे बघत होता. बॅग मिळाली तेव्हा १०.२० झाले होते. देशांतर्गत विमानाला सामान द्यायचा काउंटर सुटायच्या तासभर आधी बंद होतो, म्हणजे १०.४० ला. ते टर्मिनलच्या दारात पोचले ११.२५ ला. संध्याकाळच्या विमानाची चार नवी तिकिटं काढली आणि त्या चार तिकिटांना क्रूझच्या निम्म्याएवढे पैसे गेले. काकूंनी संध्याकाळी मला फोन केला, तेव्हा पैशांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणाल्या, “चार दिवस इतके छान गेले हो, आणि आता घरात कोणी कोणाशी बोलत नाही.” तो फोन माझ्या डोक्यातून जात नाही.

माझा हिशोब ठरलेला आहे. छापील आगमनवेळेत पाच तास मिळवायचे, त्याच्या आधीचं विमान घ्यायचंच नाही. बरोबर सत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर सहा तास. आंतरराष्ट्रीय विमान असेल तर आणखी दोन. म्हणजे आठला जहाज, तर एकच्या आधीचं विमान नाही. मी स्वतः अडीच-तीनचं काढते. लोक म्हणतात, मग विमानतळावर दोन तास बसून काय करायचं? बसा. चहा प्या, फोटो बघा. हजार रुपये वाचवायला निघालेली माणसं तीस-तीस हजार घालवताना मी पाहिली आहेत, आणि हे दरवेळी सांगूनही दरवेळी कोणीतरी तेच करतं, याचा मला मनापासून त्रास होतो.

बॅग जरा लहान ठेवून स्वतःच उचलून नेणार असाल, तर बहुतेक जहाजांवर लवकर उतरू देतात. आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारून ठेवा. आणि बॅग बाहेर ठेवणारच असाल, तर हँडलला काहीतरी ठळक बांधा. मी आईच्या जुन्या साडीचा काठ बांधते, जांभळा, जरीचा. हॉलच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो.

कुठलं विमानतळ? कुठलं टर्मिनल?

पूर्वी टर्मिनल वन की टू एवढाच प्रश्न होता. देशांतर्गत विमानं दोन्हीकडून सुटतात, एकाच कंपनीची काही वनवरून, काही टूवरून. ‘आमची कंपनी म्हणजे टी वन’ असं गेल्या वर्षीच्या आठवणीवर धरून चालू नका. वन सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टू सहारला. मधे धावपट्टी, त्यामुळे चुकलात तर बाहेरून वळसा घालून, सिग्नल खात जावं लागतं.

आता त्यात नवी मुंबईची भर पडली आहे. तिथलं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवाशांसाठी सुरू झालं. ते उलव्याला आहे, सहारच्या अगदी दुसऱ्या दिशेला. तिकिटाच्या साइटवर दोन्ही ‘मुंबई’ म्हणूनच दिसतात आणि स्वस्त तिकीट दिसलं की बोट आपोआप त्यावर जातं. फरक तीन अक्षरांत असतो: सहार-सांताक्रूझचा कोड बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय.

मी शेवटच्या सकाळी नाश्त्याला माझ्या ग्रुपमधल्या प्रत्येकाचं तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी बघते. नुसतं विचारत नाही, तिकीट उघडून दाखवायला लावते. काहींना राग येतो, येऊ दे. याच हंगामात बंगळुरूचं एक तरुण जोडपं होतं. सहारला जायची गाडी त्यांनी आधीच पैसे भरून ठरवलेली. मुलगी म्हणाली, “ताई, आम्ही दर महिन्याला विमानाने जातो, तुम्ही बाकीच्यांचं बघा.” मी म्हटलं, “बघून तर घेऊ.” फोन पुढे केला तर एनएमआय. ती दोन मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत राहिली. नवऱ्याने पहिली गाडी रद्द केली, दुसरी सांगितली. ऑरेंज गेटपासून ईस्टर्न फ्रीवे, शिवडीला अटल सेतू, सेतू उतरून उलवे. वेळेत पोचले. तेच त्यांना सहारच्या दारात जवानाने तिकीट बघून सांगितलं असतं, तर चेंबूर, मानखुर्द, वाशीची खाडी, बेलापूर असं सगळं पार करत जावं लागलं असतं. विमान मिळालं नसतं.

बंदरापासून उलव्याला जायला अटल सेतूच घ्या. गाडीचा एकेरी टोल २५० रुपये आहे. तो वाचवण्यासाठी वाशीवरून नेतो म्हणणाऱ्या ड्रायव्हरचं ऐकू नका.

पिन चुकीची, गाडी दुसऱ्याच गेटला

मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत. ग्रीन गेट, रेड गेट, ब्लू गेट, यलो गेट, ऑरेंज गेट. क्रूझचे प्रवासी ग्रीन गेटने, बॅलार्ड इस्टेटच्या बाजूला बाहेर पडतात. अॅपवरून गाडी मागवताना तुम्ही अजून हॉलमध्ये असता, जीपीएस पिन पाण्यात नाहीतर गोदीच्या आत पडते आणि ड्रायव्हर पी. डिमेलो रोडवर यलो गेटला जाऊन उभा राहतो. मग फोनवर “मैं गेट पे ही हूँ” आणि “आम्ही पण गेटवरच आहोत” असं पंधरा मिनिटं चालतं. पिन हाताने ग्रीन गेटवर सरकवा, आणि ड्रायव्हरला फोन करून ‘ग्रीन गेट, बॅलार्ड इस्टेट’ हे चार शब्द सांगा. गाडी मागवायची ती बॅगा हातात आल्यावर, हॉलमध्ये रांगेत असताना नाही.

बाहेर काळी-पिवळी उभ्या असतात. त्यांतले काही थेट पंधराशे मागतात. फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचं कमीत कमी भाडं ३१ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला साधारण २१ रुपये. सहारपर्यंत पंचवीसेक किलोमीटर धरले, तर मीटरने साडेपाचशेच्या आसपास होतात. वाहतुकीत थांबावं लागलं तर थोडे जास्त. मीटर टाका म्हणून ठामपणे सांगा, पाच मिनिटांत कोणीतरी तयार होतो. रिक्षा शोधू नका. मुंबई शहरात माहीम-सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत.

आणि सामानाचा अंदाज घ्या. इथल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात, म्हणजे डिकीत निम्म्या जागेत टाकी असते. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा एका साध्या गाडीत बसत नाहीत. डिकी उघडल्यावर टाकीकडे बघत उभी राहिलेली कुटुंबं मी कितीदा पाहिली. मग एक बॅग मांडीवर, एक पुढच्या सीटवर आणि आजोबा मागे चौथे. चार जणांना मोठी गाडी किंवा दोन टॅक्सी, हे आधीच ठरवा.

रस्ता आणि मेट्रो

सकाळी गर्दी फोर्टकडे येणारी असते, तुम्ही फोर्टकडून जाणारे, त्यामुळे सकाळचा रस्ता तुमच्या बाजूने असतो. दुपारी चारनंतर चित्र उलटं होतं. मी टी वनला मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोड, सी लिंक आणि वेस्टर्न एक्सप्रेस हायवे असं नेते. टी टूलाही तोच रस्ता, शेवटी हायवेवरून सहारच्या उन्नत मार्गाने थेट टर्मिनलला. सी लिंकला टोल पडतो, पण कुर्ला-अंधेरीच्या गल्ल्यांत अडकण्यापेक्षा तो परवडला.

एकटे-दुकटे असाल आणि बॅग चाकांची असेल, तर मेट्रो तीन घ्या. ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेड ते आरे अशी पूर्ण धावते. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, जास्तीत जास्त तिकीट ७० रुपये. सीएसएमटीला बसायचं, टी वन आणि टी टू दोन्हीची स्टेशनं याच मार्गावर आहेत. वाहतुकीचा प्रश्नच नाही. फक्त बोर्डिंग पासचा स्क्रीनशॉट वरच काढून ठेवा, भुयारात रेंजचा भरवसा धरू नका. म्हाताऱ्या माणसांना आणि तीन-तीन बॅगा घेऊन मात्र मी मेट्रोने नेत नाही. हार्बर लोकलने पार्ल्याला जाता येतं हे मलाही माहीत आहे. पाठीवर एक सॅक असेल तर खुशाल जा.

छोट्या, पण नडणाऱ्या गोष्टी

आधार कार्ड, औषधं, चार्जर आणि सकाळी घालायचे कपडे आदल्या रात्री बाहेर ठेवलेल्या बॅगेत टाकू नका. रात्रीच्या गाऊनवर नाश्त्याला आलेल्या बाईंना मी माझा कुर्ता दिलेला आहे.

जहाजावरचं बिल आदल्या संध्याकाळी मिटवा. सकाळी रिसेप्शनची रांग लांबलचक असते.

जहाजावर बॅग कोणी तोलत नाही, विमानाला देशांतर्गत साधारण पंधरा किलो चालतं. मी छोटा हुकाचा काटा जवळ ठेवते.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, काउंटरला द्यायच्या बॅगेत नाही. उलट फेणीची बाटली काउंटरच्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलून आणू नका. कायद्याने ते संरक्षित आहे आणि स्कॅनरमध्ये दिसतं.

आणि जहाज उशिरा चाललंय असं कळलं, तर हात बांधून बसू नका. किनारा जवळ आला की फोनला रेंज येते, धक्का लागायच्या बराच आधी. विमान सुटायला तीन-चार तास बाकी असतील तेव्हाच अॅप उघडा किंवा कंपनीला फोन लावा आणि तिकीट पुढच्या विमानावर घ्या. तेव्हा बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक एवढंच जातं. काउंटर बंद झाल्यावर फोन केलात, तर तुम्ही आलाच नाहीत अशी नोंद होते आणि तिकिटाचे जवळजवळ सगळे पैसे बुडतात. त्या नागपूरच्या मुलाच्या हातात साडेआठला, डेकवर उभा असताना, पूर्ण रेंज होती.